छापलाच नाही तो विनोद



लावा पक्षी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. गवतात दडून बसतो, अगदी पायाशी जाईपर्यंत हलत नाही, आणि मग एकदम भुर्रकन उडतो. स्पेन देशात लाव्याला 'कोदोर्निस' म्हणतात. 'ला कोदोर्निस' याच नावाचे एक सचित्र विनोदी साप्ताहिक तेथे १९४१ पासून १९७८ पर्यंत निघत होते. त्यांतली चौतीस वर्षे जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत गेली. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

१९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले. ते चालू असतानाच, १९३८ साली, फ्रँकोच्या सरकारने वृत्तपत्रांचा कायदा केला. संपादक कोण असावा यावर सरकारचा ताबा, आणि छापण्यापूर्वी मजकूर तपासनिसाकडे न्यायचा. त्याने फुली मारली की ते चित्र, तो मजकूर गेला. काय छापू नये हे तर ठरेच, पण काय छापलेच पाहिजे याचेही हुकूम सुटत.

साप्ताहिकाचे संस्थापक मिगेल मिउरा हे काही बंडखोर नव्हेत, बरे का. युद्धात फ्रँकोच्या सैनिकांसाठी निघणारे विनोदी पत्र त्यांनीच चालविले होते. 'ला कोदोर्निस'मध्ये त्यांनी राजकारण आणलेच नाही. शेंडा ना बुडखा अशी संभाषणे आणि तऱ्हेवाईक मंडळींची चित्रे, असा सारा मामला. तपासनिसाने फुली मारावी तरी कशावर? १९४४ साली आल्व्हारो दे लाइग्लेसिया हा जेमतेम बाविशीतला तरुण संपादक झाला आणि १९७७ पर्यंत त्या खुर्चीवर राहिला. 'सर्वांत चाणाक्ष वाचकाचे सर्वांत धीट साप्ताहिक' असे ब्रीद पुढे या पत्राने मिरविले. त्यात 'कागदी तुरुंग' नावाचे एक सदर असे. कोणी फुगीर किंवा अर्थशून्य वाक्य छापले की ते जसेच्या तसे उद्धृत करून त्या लेखकाला लटकी शिक्षा ठोठावायची! मला हे सदर फार हुशारीचे वाटते.

१९६६ साली नवा कायदा आला. छापण्यापूर्वीची तपासणी गेली. मात्र छापल्यानंतर दंड, जप्ती, अंक बंद पाडणे हे सारे राहिले. ऐकायला ही सुधारणा वाटते. पण पूर्वी तपासनिसाने मजकूर पास केला की संपादक रात्री निर्धास्त झोपे. आता ती लाल पेन्सिल त्याच्याच खिशात आली, आणि रेघ कोठे ओढायची हे त्याला कोणी सांगेना. १९७३ साली साप्ताहिक काही महिने बंद पाडण्यात आले, १९७५ साली पुन्हा तेच झाले.

आता खरी गंमत ऐका. या साप्ताहिकाचे जे विनोद स्पेनमध्ये सर्वांत गाजले, ते त्यात कधी छापलेच गेले नव्हते!

एक हवामानाचा अंदाज सांगत: 'गालिसियाकडून आलेला फ्रेस्को जनरल देशभर नांदतो आहे.' स्पॅनिशमध्ये फ्रेस्को म्हणजे गारवा, आणि जनरल म्हणजे सर्वत्र पसरलेला. पण फ्रेस्को म्हणजे निलाजरा असाही अर्थ होतो. 'नांदणे' याला तेथे राज्य करणे हाच शब्द आहे. आणि फ्रँको जनरल तर होताच, शिवाय जन्माने गालिसिया प्रांतातला! दुसरा विनोद त्रैराशिकाचा, शिक्षक मंडळींना आवडेल असा. बोंबीन म्हणजे गोल टोपी, बोंबोन म्हणजे चॉकलेटची गोळी. तर बोंबीनचे जसे बोंबोन, तसे 'कोहीन', म्हणजे उशी, याचे काय? उत्तर क्ष माना. 'आणि आमचा अंक बंद केलात तर आम्हांला तीन क्ष इतकी पर्वा!' तो क्ष म्हणजे काय हे आकाशवाणीवरून सांगता येत नाही.

हे विनोद लोकांनी रचले, आणि साप्ताहिकाच्या नावावर खपविले. ते आपण छापील वाचल्याचे शपथेवर सांगणारेही पुष्कळ निघाले. जुने अंक चाळून पाहणाऱ्यांना मात्र ते कोठे सापडले नाहीत. उघड बोलायची सोय नसलेल्या माणसांना आपला राग ठेवायला एक नाव हवे होते, ते या पत्राने पुरविले.

नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको वारला. तोपर्यंत याहून तिखट, थेट बोलणारी विनोदी पत्रे बाजारात आली होती. आडून बोलणे आता कोणाला नको होते. डिसेंबर १९७८ मध्ये स्पेनच्या जनतेने लोकशाही राज्यघटनेला कौल दिला, आणि त्याच महिन्यात 'ला कोदोर्निस'चा शेवटचा अंक निघाला.