पिकलेपणाचा हिशेब



गणित म्हणजे काटेकोरपणा आणि व्यवहार म्हणजे कमीअधिक, अशी आपली समजूत असते. या दोहोंची गाठ कोठे पडते आणि कोठे अडते, तेवढेच आज सांगावयाचे आहे. दिवस आंब्यांचे आहेत; तेव्हा दृष्टान्तही आंब्याचाच घेतो.

आढीतले पिकलेले आंबे निवडावयास बसा. एक उघड कैरी, एक पाडाला आलेला, एक पिवळाधमक. शाळेतला संच दरडावून विचारतो, "हा पिकलेला आहे की नाही?" आढी लावणारा मात्र म्हणतो, "अजून दोन दिवस." बर्कलीच्या विद्यापीठातील लोत्फी झादेह यांनी १९६५ साली या उत्तराला गणितात जागा दिली. प्रत्येक वस्तूला ० ते १ यांमधला एक अंश द्यावा: कैरीला ०, पाडाच्या आंब्याला ०.५, पिकल्याला १. हा फझी सेट. आपण त्याला धूसर संच म्हणू. हा अंश संभवाचा नव्हे. आंबा पिकला असेल काय, हे तो सांगत नाही. किती पिकला, हे सांगतो.

दुसरा प्रवाह १९४५ चा. आयलेनबर्ग आणि मॅक्लेन यांनी कॅटेगरी सिद्धांत मांडला. त्याची रीत आपल्या स्थळ पाहण्यासारखी आहे. मुलाच्या पोटात शिरून कोणी पाहत नाही; सोयरेधायरे कोण, जाणेयेणे कोणाकडे, यावरून घर ओळखतात. येथेही वस्तूचे अंतरंग बाजूस ठेवून एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारे बाण पाहावयाचे.

झादेह यांचेच विद्यार्थी जोसेफ गोगेन यांनी १९६८ च्या प्रबंधात हे दोन प्रवाह जोडले. धूसर संचांमधील बाणाला नियम एकच: एका टोपलीतून दुसरीत जाताना अंश वाढला तर चालेल, घटता कामा नये.

नियम साधा, पण येथेच अडते. तीन पाडाचे आंबे घ्या. प्रत्येकाचा अंश ०.५. तेच आंबे चार दिवसांनी पाहा, अंश १. पहिल्या टोपलीतून दुसरीत प्रत्येक आंबा स्वतःकडेच जातो. कोणी गळले नाही, दोघे एका जागी आले नाहीत. साध्या संचांत असा मार्ग उलटाही चालतो. येथे उलट जाता येत नाही, कारण अंश घटेल. पिकलेला आंबा पुन्हा कैरी होत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे!

मग अडचण कसली? १९७० च्या सुमारास लॉव्हीअर आणि टिअर्नी यांनी 'टोपोस' या आधीच्या कल्पनेला नवे, व्यापक रूप दिले. टोपोस म्हणजे ज्यात संचांसारखा सुरळीत विचार करता येतो असे गणिती जग. अशा जगात वर सांगितलेला मार्ग उलटा चाललाच पाहिजे. म्हणजे धूसर संचांचे जग टोपोस नव्हे.

१९८६ साली मायकेल बार यांनी या दुखण्याचे निदान केले. आपण 'असणे' धूसर केले, पण 'तोच असणे' काटेकोर ठेवले. हा आंबा अर्धा पिकलेला चालतो. मग दोन आंबे काही अंशी एकच, हे का चालू नये? समानतेलाही अंश द्या, म्हणजे टोपोस मिळतो. त्यात एखाद्या वस्तूचे असणे म्हणजे तिचे स्वतःशीच समान असणे, आणि त्यालाही अंश! आपल्या टोपल्यांचा पेचही सुटतो: अर्धे असणारे आंबे दुसरी टोपली पूर्ण व्यापतात, असे आता धरलेच जात नाही.

पण फुकट काही मिळत नाही. या जगात साखळीतला सर्वांत लहान अंश हाच साखळीचा अंश. शेजारचे आंबे एकमेकांशी ०.९ इतके समान असतील, तर पहिला आणि शंभरावाही निदान ०.९ समान ठरतात. मग कैरी आणि पिकला आंबा वेगळे कसे म्हणावयाचे? अंशांचा गुणाकार केला, तर २२ पायऱ्यांत समानता ०.१ च्या खाली उतरते. आपल्या अनुभवाला हे पटते. पण मग टोपोसची हमी उरत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. कमीअधिकपणा मान्य करणे म्हणजे सैल बोलणे नव्हे. तो एका जागी मान्य केला की दुसऱ्या जागीही करावा लागतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. हे आपणांस पूर्ण पटले नसेल, तर काही अंशी पटले असे समजून मी आपली रजा घेतो.