हिंसा माणसाच्या स्वभावातच असते का?

श्रोतेहो, हिंसा माणसाच्या रक्तातच असते, असे अनेकदा म्हटले जाते.
हिंसेची क्षमता माणसात आहे, हे खरे.
पण हिंसा अटळ नाही.

1986 साली स्पेनमधील सेव्हिल शहरात काही शास्त्रज्ञ एकत्र आले.
मेंदू, मन आणि प्राण्यांचे वर्तन हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.
युद्ध माणसाच्या जनुकांनी ठरवलेले नाही, असे निवेदन त्यांनी काढले.
1989 साली युनेस्कोने ते स्वीकारले.

राग मात्र प्रत्येकाला येतो.
मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोका ओळखण्यास मदत करतो.
शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते.
त्याच वेळी, कपाळामागचा मेंदूचा भाग या आवेगाला आवर घालतो.
हा आवर लहानपणापासून घडत जातो.
घरातली माया, शाळेतली शिकवण आणि समाजाचे नियम तो घडवतात.
सततची मारहाण आणि भीती तो कमकुवत करतात.

देशांच्या इतिहासातही हिंसेकडून संयमाकडे जाणारा बदल दिसतो.
सतराव्या शतकात स्वीडन हे युरोपातले मोठे लढाऊ राज्य होते.
1814 नंतर मात्र त्याने कोणत्याही देशाशी युद्ध पुकारलेले नाही.

म्हणजेच, श्रोतेहो, हिंसेची क्षमता माणसात आहे.
पण हिंसा अटळ नाही.
संयम शिकता येतो, आणि मुलांना शिकवताही येतो.