दोन उपवास एका अंगणात

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचे हप्तेही नाहीत. आज सणाबद्दल बोलू या. सण आपला नाही, शेजारणीचा आहे.

आमच्या चिपळूणच्या वस्तीत दोन ख्रिस्ती सिस्टर भाड्याच्या घरात राहायच्या. दोघी मूळ केरळच्या. घरदार सोडून, व्रत घेऊन सेवेला आलेल्या. मराठी इथंच शिकल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा आमच्या गटाची लेखावही आणि पासबुकं चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर झाडू आणि औषधांची पिशवी घेऊन या दोघी दारात उभ्या राहिल्या. आमची भिजलेली पासबुकं त्यांनी दोरीवर एकेक पान सुटं करून वाळवली.

त्या वर्षी गणपतीत आम्ही त्यांना बोलावलं. उकडीचे मोदक पाहून थोरल्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "ताई, हे तर आमचं कोळुक्कट्टा. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आई करायची." तांदळाची उकड, आत गूळखोबरं. सण वेगळा, पण हात तोच.

तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली. त्यांना आमचे सगळे सण पाठ, आणि आम्हाला त्यांचा एकही धड माहीत नाही. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही त्यांना गुड फ्रायडेच्या हसत हसत शुभेच्छा दिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर कळलं, तो येशूला क्रुसावर खिळल्याचा दिवस. दुःखाचा, उपवासाचा. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला. त्या दिवशी येशू मरणातून उठला, अशी त्यांची श्रद्धा. केरळातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं त्याआधी पन्नास दिवसांचं व्रत पाळतात. मासमच्छी वर्ज्य. आपल्या श्रावणासारखंच म्हणा ना. ईस्टरची तारीखही चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणून तो कधी शिमग्यामागोमाग येतो, कधी चैत्री पौर्णिमेनंतर.

२०२२ साली १६ एप्रिलला हनुमान जयंती होती आणि १७ ला ईस्टर. आम्ही मासिक बैठकीत विषय काढला, की यंदा सिस्टरांचा सण आपण त्यांच्या अंगणात करू. दोघीतिघी गप्प झाल्या. मग एकीनं सांगितलं, "सासूबाई म्हणतात, तिथं जाल तर बाटवतील." ही भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. घरात बोलणी खावी लागतात ती त्या बाईलाच. गट तिच्या पाठीशी उभा राहिला नाही, तर ती बैठकीलाही यायची बंद होते.

आम्ही सरळ सिस्टरांनाच विचारलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "प्रार्थना आम्ही आमची रात्रीच करून घेऊ. तुम्ही जेवायला या. एवढंच." गटातल्या सगळ्यात वयस्कर सभासद म्हणाल्या, "देवघर ज्याचं त्याचं, पडवी सगळ्यांची." तसंच ठरलं. ज्यांना यायचं त्यांनी यावं, न येणाऱ्यांना कुणी विचारायचं नाही.

आणखी एक अडचण होती. रमजान चालू होता. आमच्या दोन मुस्लिम मैत्रिणींना दिवसा पाणीही चालत नव्हतं. म्हणून जेवण दुपारऐवजी सूर्यास्तानंतर ठेवलं. बांग झाली, त्यांनी खजूर तोंडात टाकला. सिस्टरांनी पन्नास दिवसांनंतर सकाळीच उपवास सोडला होता, तरी थाळी पुढं घेऊन त्या या दोघींसाठी थांबल्या होत्या. त्यांचं अप्पम म्हणजे आपल्या आंबोळीची नाजूक बहीण. मध्ये जाड, कडेला जाळीदार. आम्ही कोकम सरबत आणि पन्हं नेलं होतं. थोड्या वेळानं ज्यांची भीती होती त्या सासूबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. सून घाबरली. सासूबाईंनी विचारलं, "पिठात नारळाचं दूध घालता की पाणी?" आणि आत येऊन बसल्या.

मैत्रिणींनो, दुसऱ्या मुलखातून आलेल्यांनी आपली भाषा शिकणं हे आजचं नाही. १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मोपदेशक गोव्यात आले. इथल्या लोकांना पुराण ऐकायची गोडी आहे, हे त्यांनी ओळखलं. येशूची कथा त्यांनी मराठीत, ओवीत रचली. तेच 'क्रिस्तपुराण', १६१६ मध्ये छापलेलं. आपल्या आजीनं जात्यावर म्हटली ती ओवीच. १८२९ मध्ये स्कॉटलंडच्या मार्गारेट विल्सन पतीबरोबर आल्या. आपल्याच जिल्ह्यात, हर्णै-बाणकोटच्या बाजूला राहून त्या मराठी शिकल्या. मग मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या इथंच वारल्या, परत घरी गेल्याच नाहीत. त्यांच्या धर्माबद्दल ज्याचं मत त्याला. पण सणाच्या दिवशी माहेर आठवणं म्हणजे काय, हे आपल्याला, सासरी नांदणाऱ्या बायकांना, वेगळं सांगायला नको.

आमच्या त्या सिस्टरांची पुढं बदली झाली. जाताना एका कागदावर अप्पमचं प्रमाण लिहून दिलं. तो कागद आता नव्या लेखावहीत आहे.

तुमच्या गावातही अशी माणसं असतील. आरोग्य केंद्रातली परगावची नर्स, बँकेतली नवी अधिकारी, आंब्याच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी कुटुंब. येत्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीचं मागचं पान उघडा आणि लिहा, की यांचा मोठा सण कोणता, कधी येतो, त्या दिवशी काय खातात, काय खात नाहीत. माहीत नसेल तर त्यांनाच विचारा. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.