एक नाणे, एक तिजोरी



युरोपातील अकरा राष्ट्रांनी १९९९ मध्ये समान चलन स्वीकारले, तेव्हा तो प्रयोग अपूर्व मानला गेला. नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीला मात्र त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. दोन चलनांचा जाच आणि त्यांचे एकीकरण, दोन्ही मराठवाड्याने अनुभवले आहेत.

निजामी अमलात येथे हाली शिक्का चाले, सरहद्दीपलीकडे कलदार. शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सात हालीस सहा कलदार, असा साधारण दर होता. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि लातूरच्या मालाला इंग्रजी मुलखातील बार्शीची वाट खुली झाली. परंतु त्या वाटेवर करोडगिरीची जकात होती आणि नाणेबदलाचा बट्टाही. असा बट्टा व्यापारी स्वतः सोसत नाही. तो शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वळता होतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १९५१ मध्ये नवे हाली चलन काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते कायमचे बाद झाले. बट्टा संपला, बाजारपेठ विस्तारली. हा लाभ निर्विवाद आहे.

परंतु समान चलनात दुर्बल प्रदेश एक साधन गमावतो. स्वतंत्र चलनाचा देश संकटकाळी अवमूल्यन करून आपला माल परदेशात स्वस्त करू शकतो. दुष्काळ पडला म्हणून लातूरचा रुपया मुंबईच्या रुपयाहून स्वस्त होत नाही. व्याजाचा दरही साऱ्या देशासाठी एकच ठरतो. मग रुपयाऐवजी माणूस हलतो: ऊसतोडीला, पुण्याला, हैदराबादला. रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ मध्ये श्रमिकांचे असे स्थलांतर हीच समान चलनाच्या यशाची एक अट मानली. ग्रंथात ती अट निरुपद्रवी दिसते. गावात तिची किंमत बंद घरे आणि शाळा सुटलेली मुले देतात.

स्थलांतराला पर्याय एकच, समान तिजोरी. २००१ मध्ये युरो स्वीकारलेल्या ग्रीसला २००९ नंतरच्या अरिष्टात अवमूल्यन करता येईना, आणि युरोपची समान तिजोरीही नव्हती. मिळाली ती कर्जे, तीही वेतन व निवृत्तिवेतन कापण्याच्या अटींवर. २०१३ मध्ये तेथील चौथ्या हिश्शाहून अधिक श्रमिक बेकार होते.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर वेगळा मार्ग दाखविला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यामागे शहरी नोकरदारांच्या व्यवसायकराचा आधार होता. मुंबईच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी गावातील मजुराच्या हाती पडे. ते दान नव्हते. मुंबईच्या गिरण्यांना आणि पेढ्यांना मराठवाड्याची बाजारपेठ विनाबट्टा मिळाली, त्याचा तो परतावा होता.

अनुशेषाच्या मागणीचा अर्थही हाच. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. २०२० मध्ये त्याची मुदत संपली. सिंचन, रेल्वे, शिक्षण यांसाठी निधी मागताना कार्यकर्त्यांनी याचकाची भाषा टाकून द्यावी. तालुक्यातील बँकांत ठेवी किती आणि त्यांतून येथेच दिलेली कर्जे किती, हेही शाखाशाखांत जाऊन विचारावे. हाली शिक्का गेला, हे योग्यच झाले. मात्र चलनाच्या एकीकरणाचा करार तिजोरीच्या वाटणीवाचून पुरा होत नाही, आणि तो पुरा करून घेणे हे चळवळीचे काम आहे.