वणव्यातला बिनतारी आवाज
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

विज्ञान आणि श्रमिक या विषयावर मी बोलावे अशी सूचना आहे. विषय अफाट आहे. मी त्यातला एक लहान कोपरा निवडला आहे : अमेरिकेतील जंगलांचे वणवे विझवणारे कामगार आणि त्यांच्या हातातले बिनतारी यंत्र. हा प्रश्न केवळ यंत्राचा असता, तर तो मी तंत्रज्ञांवर सोपवला असता.

5 ऑगस्ट 1949 रोजी माँटाना राज्यातील मान गल्च या दरीत विमानातून अग्निशामकांची तुकडी उतरवण्यात आली. सामानाबरोबर बिनतारी यंत्रही टाकले होते. त्याची हवाई छत्री उघडली नाही आणि यंत्राचा चुराडा झाला. त्या आगीने 13 जणांचा बळी घेतला. यंत्र शाबूत असते तर ते वाचलेच असते असे मी म्हणणार नाही; पण बाहेरच्या जगाशी त्यांचा धागा तिथेच तुटला, हे खरे. 1994 साली कोलोराडोत 14 जण मृत्युमुखी पडले तेव्हा यंत्रे होती, आणि जोराचे वारे सुटणार असल्याचा हवामानखात्याचा इशाराही होता. तो इशारा डोंगरावरच्या माणसांपर्यंत पोहोचलाच नाही.

आता ही यंत्रणा कशी चालते ते थोडे समजून घेऊ. अग्निशामकाच्या हातातल्या यंत्राच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात; डोंगर आड आला की आवाज थांबतो. म्हणून माथ्यावर रिपीटर बसवतात. तो खालचा क्षीण आवाज पकडून जोमाने पुन्हा प्रक्षेपित करतो. भलत्यासलत्या लहरींनी तो जागा होऊ नये, यासाठी प्रत्येक संदेशासोबत एक ठरावीक सूर जावा लागतो. कानाला न जाणवणारा हा सूर म्हणजे त्या दाराची किल्लीच. यंत्रात तो भरलेला नसेल, तर माणूस घसा फोडून ओरडला तरी दार उघडत नाही. शिवाय एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे बोलले की दोघांचेही बोलणे विस्कटते.

30 जून 2013 रोजी ॲरिझोनातील यार्नेल गावाजवळ काही यंत्रांत हेच सूर नीट भरलेले नव्हते, असे सरकारी चौकशीनेच नमूद केले आहे. तिथे ग्रॅनाइट माउंटन नावाची 20 जणांची तुकडी काम करीत होती. दुपारनंतर वारा फिरला. तुकडी जळून गेलेल्या, म्हणजे सुरक्षित, भागातून निघून झुडपांनी दाटलेल्या खोलगटात उतरली. का उतरली, याचे खात्रीलायक उत्तर आजही कुणापाशी नाही. कारण त्या अर्ध्या तासाहून अधिक काळात तिच्याशी झालेले कुठलेही स्पष्ट संभाषण चौकशीला सापडले नाही. वरच्या अधिकाऱ्यांची समजूत मात्र अशी की, ती माणसे जळल्या भागातच सुखरूप आहेत.

चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी दुसऱ्यांचे बोलणे तोडत त्यांचा आवाज आला : आम्ही ज्वालांच्या तोंडाशी आहोत. आवाजात खरखर होती, वाहिनीवर गर्दी होती. कोण बोलते आहे हे उमगायलाही वेळ गेला. आग रोखणारे द्रव्य भरलेले प्रचंड विमान आकाशात घिरट्या घालत होते. ते टाकायचे कुठे, हेच कुणाला ठाऊक नव्हते. तीन-चार मिनिटांत सारे शांत झाले. 19 जण गेले. टेहळणीसाठी दूर ठेवलेला एकटा वाचला.

पहिल्या चौकशीने निष्काळजीपणा किंवा नियमभंग झाल्याचे दिसत नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे 19 माणसे जळाली, आणि नियम मात्र शाबूत राहिले! राज्याच्याच कामगार-सुरक्षा खात्याने त्याच वर्षी डिसेंबरात निराळे मत दिले : वाचवता न येणारी घरे आणि कुरणे यांना माणसांच्या सुरक्षिततेहून अधिक महत्त्व दिले गेले. त्याने वनखात्याला 5 लाख 59 हजार डॉलरचा दंड सुनावला. पुढे 2015 साली प्रकरण तडजोडीने मिटले. मृतांत बहुसंख्य हंगामी कामगार होते, आणि त्यांच्या कुटुंबांना कायम नोकरांइतके लाभ मिळावेत की नाही यावर वाद झाला. हंगामी माणसाला आग काही कमी भाजत नाही.

साथींनो, या आवाजाच्या मालकीचीही एक बाजू आहे. अग्निशामकांच्या बिनतारी वाहिन्या सार्वजनिक आहेत. पण नकाशे, वाहनांच्या जागा, मनुष्यबळाचा हिशेब हे आता खाजगी कंपन्यांच्या मोबाइल-जाळ्यावरून चालते. 2018 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनोचा महाभयंकर वणवा पेटला असताना, सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण-वाहनाचा इंटरनेटचा वेग व्हेरायझन कंपनीने जवळजवळ बंद पडण्याइतका खाली आणला. कारण? ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या योजनेची मर्यादा संपली होती! दलाने विनवण्या केल्या. अधिक महागडी योजना घेईपर्यंत वेग पूर्ववत झाला नाही, असे दलप्रमुखांनी न्यायालयात प्रतिज्ञेवर सांगितले. ग्राहकसेवेत चूक झाली, असा खुलासा कंपनीने पुढे केला. तोवर दलाच्या माणसांनी दुसऱ्या दलांची साधने मागून आणि स्वतःच्या खिशातले फोन काढून काम चालवले होते.