आधी विद्यार्थी, मग उपदेशक


मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्यावे.

१८०७ साली रॉबर्ट मॉरिसन हे इंग्रज मिशनरी चीनमध्ये कँटनला गेले. तेथील कँटनी भाषेत ‘माय’ शब्दाचा सूर बदलला की विकत घेण्याचे विकणे होते! शिवाय परक्यांना भाषा शिकवण्यास सरकारची बंदी. शिकवणाऱ्याच्या जिवाला धोका. तरीही गुरू लाभले. पहिला बाप्तिस्मा सात वर्षांनी, १८१४ साली झाला. १८२८ साली त्यांनी कँटनी शब्दसंग्रह छापला. उपदेशाला गेलेला माणूस आधी विद्यार्थी झाला, हे मला मोठे वाटते.

माझ्या शेजारी वर्षभर कानडी बाई राहतात. मी नुसती हसते. उद्यापासून त्यांच्याकडून रोज एक शब्द शिकेन.