किरणोपचाराचे शिक्षण : डॉक्टर आणि दुकान यांच्या मधली एक वाट



बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : मुलगा डॉक्टर होणार की नाही? नीटमध्ये गुण कमी पडले की वडील म्हणतात, आणखी एक वर्ष बसू द्या. ते वर्ष जाते, कधी पुढचेही जाते. मग मुलगा दुकानावर बसतो आणि मुलीचे लग्न ठरते. डॉक्टर आणि दुकान यांच्या मध्ये काही आहे की नाही, याची चौकशी आपण करीत नाही. त्या मधल्या जागेतील एका शिक्षणाची माहिती आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. ते शिक्षण म्हणजे किरणोपचाराचे, अर्थात रेडिएशन थेरपीचे.

कर्करोगाच्या रोग्याला 'लाईट दिली' किंवा 'शेक दिला' असे आपण ऐकतो, तोच हा उपचार. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि १८९८ साली मेरी व पिअरी क्युरी यांनी रेडियम शोधले. हे किरण रोगट पेशींची वाढ थांबवतात, हे पुढे ध्यानात आले आणि या शास्त्राचा पाया पडला. आज मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे वापरतात. एकात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. त्याची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. दुसरे यंत्र लिनॅक. ते विजेवर चालते आणि बंद केले की त्यातून किरण येत नाहीत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचे कोबाल्टचे यंत्र आपल्याच देशात विकसित केले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आता यात माणसाचे काम काय, ते पाहू. कोणत्या भागाला किती किरण द्यावयाचे, हे तज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. किरण कोणत्या कोनातून सोडले असता रोगावर पुरेसे पडतील आणि शेजारचा निरोगी भाग वाचेल, याचे गणित वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट करतो. आणि रोज रोग्याला टेबलावर नेमके निजवून, खुणा जुळवून, यंत्र चालवणारा तो किरणोपचार तंत्रज्ञ. डोक्याच्या किंवा गळ्याच्या रोग्यासाठी जाळीदार प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर बसवतात आणि मुखवटा तयार करतात, म्हणजे उपचाराच्या वेळी मान हलत नाही. थोड्या अंतराची चूकही येथे चालत नाही. उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा पाच ते सात आठवडे चालतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा तपासत असतील, पण तंत्रज्ञ रोज भेटतो. रोग्याला धीर देण्याचे कामही त्याच्याकडेच येते.

पालक हो, हे काम आपल्या वऱ्हाडापासून दूरचे नाही. आपल्या विदर्भात खर्रा किती खाल्ला जातो, हे पानठेल्यावर उभे राहिले तरी कळते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू आणि सुपारी तोंडातून गेलेली नाही. तोंडाचा कर्करोग त्यातूनच येतो. चिखलदऱ्याच्या किंवा मेळघाटातील एखाद्या गावच्या माणसाला हा रोग झाला, तर घाट उतरून परतवाडा, तेथून अमरावती आणि पुढे बहुधा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. सहा आठवडे रोज जाणे-येणे अशक्य, म्हणून तेथेच राहावे लागते आणि घरची मजुरी बुडते. मग कोणी उपचार अर्धा टाकून परत येतो, आणि अर्धा उपचार रोगाला आवरू शकत नाही. टाटा रुग्णालयातील गरीब रोग्यांना दादरला ज्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो, ते गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. जिल्ह्याने रोग्यांना निवाऱ्याची वाट दाखवली. आता उपचार करणारे हातही द्यावेत.

दुसरी गोष्ट माता-भगिनींची आहे. गर्भाशयमुखाचा आणि स्तनांचा कर्करोग आपल्याकडील स्त्रियांना मोठ्या संख्येने होतो आणि दोन्हींत किरणोपचाराचा फार उपयोग आहे. परंतु परक्या पुरुषापुढे अंग उघडे करावे लागेल, या संकोचाने आपल्या अनेक बाया दवाखान्यात उशिरा जातात. यंत्राजवळ एखादी शिकलेली मुलगी उभी असेल, तर त्या आजीचा अर्धा संकोच दारातच जाईल. मुलीला इतक्या दूर शिकावयास कशाला पाठवावयाचे, असे विचारणाऱ्या पालकांना माझे हेच उत्तर आहे.

आता शिक्षणाचा मार्ग सांगतो. पहिला मार्ग तंत्रज्ञाचा. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे. त्यानंतर या विषयाची पदवी घेता येते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ बी.पी.एम.टी. ही निमवैद्यकीय पदवी देते, त्यात किरणोपचार तंत्रज्ञ ही शाखा आहे. दुसरा मार्ग गणिताची आवड असणाऱ्यांसाठी : बी.एस्सी., मग भौतिकशास्त्रात एम.एस्सी., त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका किंवा तिच्या तोडीचा मान्य अभ्यासक्रम आणि पुढे किरणोपचार विभागात बारा महिन्यांची उमेदवारी. असा मनुष्य मेडिकल फिजिसिस्ट होतो. तिसरा मार्ग एम.बी.बी.एस. करून रेडिएशन ऑन्कॉलॉजीत एम.डी. होण्याचा. म्हणजे डॉक्टरकीची वाट बंद झाली, तरी त्याच विभागाची आणखी दोन दारे उघडी राहतात.

येथे एक धोक्याची सूचना देतो. गल्लोगल्ली पाट्या लावून सहा महिन्यांत 'रेडिएशन'चे प्रमाणपत्र देणारे लोक भेटतील. फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : पदवी कोणत्या विद्यापीठाची? प्रत्यक्ष यंत्रावरचे शिक्षण कोणत्या रुग्णालयात? आणि ही पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळाला चालते काय? १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या परवानगीशिवाय देशात किरणोपचाराचे यंत्र चालवता येत नाही, आणि मंडळ पात्र मनुष्यबळ असल्याखेरीज परवाना देत नाही. म्हणून खऱ्या पदवीला मागणी आहे आणि खोट्या कागदाला दार बंद आहे. या व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ साली स्वतंत्र कायदाही केला आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

आता मनातील भीतीविषयी. यंत्र जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत असते. किरण सुरू असताना तंत्रज्ञ बाहेर बसून कॅमेऱ्यातून रोग्याकडे पाहतो आणि माइकवरून त्याच्याशी बोलतो. त्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, त्यावरून त्याला किती किरण लागले याची नियमित मोजणी होते. वर्षाची मर्यादा नियमाने ठरलेली आहे. तसेच, बाहेरून लाईट घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. त्याच्याजवळ नातवंडांना बसू न देणे हे अज्ञान आहे, ते आपण घरोघरी दूर केले पाहिजे.

नोकऱ्या सरकारी, विश्वस्त संस्थांच्या आणि खाजगी अशा तिन्ही प्रकारच्या रुग्णालयांत असतात. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना ती बसवण्यासाठी व शिकवण्यासाठी माणसे लागतात. पुढे अध्यापन आणि संशोधनही करता येते. परदेशातही या कामाला मान आहे, मात्र तेथील नोंदणीच्या अटी वेगळ्या असतात. खर्चाची अडचण असेल, तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. पैशाअभावी पहिल्याच पायरीवरून परत फिरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, पाठांतरावर हे शिक्षण पुरे होत नाही. भौतिकशास्त्र समजून घ्या, इंग्रजी सुधारा आणि हाताला नेटकेपणाची सवय लावा. पालक हो, मुलाला सलग तिसऱ्या वर्षी नीटला बसवण्यापूर्वी एक दिवस काढा. नागपूरला किंवा अकोल्याला कर्करोग रुग्णालयात जा, परवानगी घेऊन किरणोपचार विभागाच्या दाराशी मुलाला उभे करा आणि तेथील तंत्रज्ञाशी त्याला बोलू द्या. निवड नंतर त्याची त्याने करावी. या संस्थेच्या शाळांतून दरवर्षी दोन मुले आणि दोन मुली जरी या वाटेने गेल्या, तरी काही वर्षांत घाटाखाली उपचाराला जाणाऱ्या आपल्या माणसाला ओळखीचा चेहरा आणि आपल्या बोलीतले दोन शब्द भेटतील. तेवढ्यासाठी ही माहिती आपण पाच घरी सांगावी, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.